पांढरी सांग्रिया : उन्हाळी आतिथ्याचें एक स्पॅनिश पेय

स्पेनच्या दक्षिणेस अंदालुसिया नांवाचा प्रांत आहे. त्यांतील सेव्हिल आणि कोर्दोबा या शहरांत जुलै-ऑगस्ट महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जाणें ही नवलाची गोष्ट नाहीं. दुपारीं रस्ते ओस पडतात, खिडक्यांच्या झडपा लागतात आणि सारें गांव संध्याकाळची वाट पाहत पडून राहतें. ती संध्याकाळहि लवकर येत नाहीं. जूनच्या अखेरीस सेव्हिल येथें सूर्य मावळावयास रात्रीचे पावणेदहा वाजतात. ऊन उतरलें म्हणजे घरोघरच्या फरसबंद चौकांत खुर्च्या मांडल्या जातात. हे चौक आपल्या जुन्या वाड्यांच्या चौकांची आठवण करून देतात. मध्यें कारंजें किंवा विहीर, भोंवतीं चुन्यानें पांढऱ्या केलेल्या भिंती आणि त्या भिंतींवर टांगलेल्या फुलझाडांच्या कुंड्या. कोर्दोबा येथें दरवर्षीं मे महिन्यांत अशा चौकांचा उत्सवच भरतो, आणि २०१२ सालीं युनेस्कोनें मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशांत त्याची नोंद केली. अशा चौकांत चार पाहुणे जमले कीं मेजावर एक पसरट पोटाचा, मातीचा किंवा कांचेचा जग येतो. त्यांत वाइन असते, फळांच्या फोडी असतात आणि ढवळावयास एक लांब दांड्याची लांकडी पळी असते. या पेयाचें नांव सांग्रिया. रोजच्या तहानेला तेथील माणूस तांबड्या वाइनमध्यें लिंबाचा गोड सोडा घालून भागवितो; सांग्रिया ही चार माणसें जमतील त्या दिवसाची.

सांग्रिया या शब्दाचा संबंध बहुधा ‘सांग्रे’ या स्पॅनिश शब्दाशीं जोडला जातो. सांग्रे म्हणजे रक्त. मूळ पेय तांबड्या वाइनचें, तेव्हां रंगावरून हें नांव पडलें, अशी ही उपपत्ति आहे. वाइनमध्यें साखर, मसाला व फळें घालण्याची चाल मात्र पुष्कळ जुनी आहे. मध्ययुगीन युरोपांत दालचिनी, आलें व लवंग घालून गोड केलेली वाइन श्रीमंतांच्या मेजवानींत असे. पुढें सतराव्या शतकांत, हिंदुस्थानांत व्यापारासाठीं आलेल्या इंग्रजांनीं मद्य, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला या पांच जिनसांचें एक पेय उचललें व त्याला ‘पंच’ असें नांव मिळालें. हा शब्द आपल्या ‘पांच’चाच अवतार होय, असें अनेक कोशकार मानतात, कांहींना तें मान्य नाहीं. तें कसेंहि असो, सांग्रिया ही पंचच्याच गोत्रांतली आहे, आणि त्या गोत्राचा एक धागा या देशापर्यंत येऊन पोहोंचतो.

१९६४ सालीं न्यूयॉर्क येथें भरलेल्या जागतिक प्रदर्शनांत स्पेनच्या दालनांत सांग्रिया पाहुण्यांपुढें ठेवण्यांत आली, आणि तेथून अमेरिकेंत तिची आवड पसरली. नांव गाजलें म्हणजे त्या नांवाखालीं वाटेल तें विकलें जाऊं लागतें. युरोपीय संघानें २०१४ सालच्या नियमांत यावर बंधन घातलें. सांग्रिया हें नांव विक्रीच्या बाटलीवर लावावयाचें तर ती स्पेन किंवा पोर्तुगाल येथेंच तयार झालेली असावी, तिला वरून रंग दिलेला नसावा, आणि तिच्यांतील मद्यार्काचें प्रमाण शेंकडा साडेचारपेक्षां कमी नसून बारांच्या आंत असावें, असें तो नियम सांगतो. घरच्या जगाला अर्थात् हा नियम लागू नाहीं.

आतां पांढरी सांग्रिया म्हणणें म्हणजे, शब्दशः पाहिलें तर, पांढरें रक्त म्हणण्यासारखें आहे. स्पॅनिश भाषेजवळ या पेयाला दुसरें नांव नाहीं असें नाहीं. पांढऱ्या वाइनमध्यें मध किंवा साखर व दालचिनी घालून केलेल्या पेयाला तेथें ‘क्लारेआ’ असा जुना शब्द आहे, आणि वर सांगितलेल्या नियमांतहि पांढऱ्या वाइनच्या सांग्रियेला क्लारेआ असेंच नांव दिलेलें आहे. तथापि लोकांच्या तोंडीं ‘पांढरी सांग्रिया’ हेंच रुळलें. कातालोनियांत तीच कावा नांवाच्या फेसाळ पांढऱ्या वाइनची करतात. तांबडीपेक्षां पांढरी सांग्रिया हलकी लागते. तिच्यांत पीच, सफरचंद, द्राक्षें अशा नाजुक वासाच्या फळांना वाव मिळतो, आणि कडक उन्हाळ्यांत तीच अधिक रुचते.

कृति सोपी आहे, परंतु तिच्यांतील प्रत्येक पायरीला कांहीं कारण आहे. तें कारण कळलें म्हणजे प्रमाण थोडें इकडे-तिकडे झालें तरी पेय बिघडत नाहीं. सहा माणसांसाठीं ७५० मिलिलिटरची पांढऱ्या वाइनची एक बाटली, १२० मिलिलिटर ताजा संत्र्याचा रस, ६० मिलिलिटर साखरेचा पाक, एक पिवळें जाड सालीचें लिंबू, एक संत्रें, दोन पीच, एक सफरचंद, मूठभर हिरवीं द्राक्षें, दालचिनीचा बोटभर तुकडा आणि ३३० मिलिलिटर साधा सोडा एवढें साहित्य पुरतें.

पहिली गोष्ट वाइनची निवड. ती गोड नसावी, कारण गोडी फळें व पाक देणारच आहेत; वाइनकडून हवा असतो तो आंबटपणा. रुएदा भागांतील वेर्देहो जातीच्या द्राक्षांची किंवा रिओहा भागांत विउरा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या द्राक्षांची ताजी वाइन स्पेनमध्यें या कामीं चांगली ठरते. पोर्तुगालांत विन्यो व्हेर्दे वापरतात. ओक लांकडाच्या पिंपांत मुरविलेली वाइन मात्र घेऊं नये. लांकडाचा तुरटपणा आणि फळांचा वास यांचें जमत नाहीं. फार महाग बाटली घेणें व्यर्थ आहे, कारण तिचे बारकावे फळांत बुडून जातात. पण फळें घातलीं म्हणजे वाईट वाइन झांकली जाईल, ही समजूतहि खोटी आहे. शिर्क्याकडे झुकलेली वाइन साखरेनें सुधारत नाहीं. जी नुसती प्यावयास बरी, तीच येथें बरी.

दुसरी गोष्ट साखरेची. थंड वाइनमध्यें कोरडी साखर घातली तर ती सावकाश विरघळते व पुष्कळशी तळाशीं बसते. परिणाम असा होतो कीं, पहिला पेला आंबट आणि शेवटचा अति गोड. म्हणून समभाग साखर व पाणी घेऊन त्यांत दालचिनीचा तुकडा टाकावा, एक उकळी आणावी, आणि पाक पूर्ण निवूं द्यावा. दालचिनीचा वास गरम पाण्यांत लवकर उतरतो, थंड वाइनमध्यें तो दोन तासांतहि पुरता उतरत नाहीं. म्हणून तिची जागा पाकांत. एकदम सर्व पाक ओतूं नये. निम्मा घालून ठेवावा आणि उरलेला पेय थंड झाल्यावर, चव पाहून घालावा. थंडीनें जिभेला गोडी कमी जाणवते. म्हणून कोमट असतांना नेमकी वाटलेली गोडी थंडगार पेल्यांत फिकी पडते.

तिसरी गोष्ट सालीची. लिंबाचा व संत्र्याचा सुवास सालीच्या अगदीं वरच्या, रंगीत थरांतील तेलांत असतो. हीं तेलें पाण्यांत फारशीं विरघळत नाहींत, पण मद्यार्कांत चांगलीं विरघळतात. वाइनला तो सुवास लागतो तो यामुळें. सालीखालचा पांढरा थर मात्र कडू असतो. तेव्हां धारदार सुरीनें लिंबाची नुसती पिवळी साल पट्टीसारखी काढून वाइनमध्यें टाकावी आणि लिंबाचा रस पिळून घ्यावा. संत्र्याच्या सालीसकट चकत्या दिसावयास सुंदर दिसतात, पण त्या रात्रभर वाइनमध्यें राहिल्या तर कडूपणा उतरतो, आणि मग कितीहि साखर घातली तरी तो जात नाहीं. त्या चकत्या शेवटच्या अर्ध्या तासांत घालाव्या.

फळें निवडतांना पिकलेलीं पण घट्ट अशींच घ्यावीं. पीच हें स्पेनचें आवडतें फळ आहे. आरागोन प्रांतांत पीच वाइनमध्यें मुरवून जेवणानंतर खाण्याची जुनी चाल आहे, आणि त्याच प्रांतांतील कालांदा गांवच्या पीचची कीर्ति अशी कीं, तेथील बागायतदार झाडावरील प्रत्येक फळाला कागदाची पिशवी बांधतात. कालांदाचीं हीं फळें शरदांत येतात. उन्हाळ्यांत मिळतील तीं साधीं पीच घ्यावीं. सफरचंद चिरल्याबरोबर हवेनें काळवंडूं लागतें; फोडींना लगेच लिंबाचा रस चोळला तर तें टळतें. द्राक्षें अर्धीं चिरावीं, म्हणजे रस वाइनमध्यें येतो. केळें घालूं नये; तें मऊ पडून सारें पेय गढूळ करतें. कलिंगडहि पाणचट पडतें. फोडी चमच्यांत मावतील एवढ्याच कराव्या, कारण पेय संपल्यावर त्या खावयाच्या असतात.

संत्र्याच्या चकत्या वगळून हीं फळें, लिंबाची साल व रस, संत्र्याचा रस, निम्मा पाक आणि वाइन एकत्र करून जग झांकून दोन ते चार तास शीतकपाटांत ठेवावा. याहून कमी वेळांत फळांचा वास वाइनला लागत नाहीं. याहून फार अधिक ठेवल्यास फोडी लिबलिबीत होतात आणि वाइनचा स्वतःचा ताजा वास उडून जातो. सोडा अगदीं शेवटीं, पाहुणे बसल्यावर, आणि तोहि थंड केलेला असावा. वायु थंड द्रवांत अधिक टिकतो, उबदार द्रवांतून लवकर निघून जातो. सोडा जगाच्या कडेनें ओतून पळी एकदांच हलकी फिरवावी. जास्त ढवळलें कीं फेस गेला.

बर्फ जगांत घालूं नये, पेल्यांत घालावा. जगांतला बर्फ अर्ध्या तासांत वितळून पेयाचें पाणी करतो, आणि मागाहून आलेल्या पाहुण्याच्या वांट्याला तें पाणीच येतें. कांहीं घरांतून बर्फाऐवजीं गोठविलेलीं द्राक्षें वापरतात. तीं पेय थंड करतात, पातळ करीत नाहींत, आणि शेवटीं खातांहि येतात. स्पॅनिश जगाच्या चोंचीला आंत चिमटा काढलेला असतो, त्याचें कारणहि येथेंच आहे. ओततांना बर्फ व फळें जगांत अडतात आणि पेल्यांत नुसतें पेय पडतें. मग पळीनें प्रत्येकाला सारख्या फोडी वाढतां येतात.

येथपर्यंत पाककृति झाली. याहून महत्त्वाची गोष्ट पुढेंच आहे. अनेक कृतींत वाइनबरोबर ब्रँडी किंवा संत्र्याचें लिकर घालण्यास सांगितलेलें असतें. तें घालावें कीं नाहीं, याचा निर्णय चवीवर न सोडतां अंकगणितावर सोडावा. वाइनमध्यें मद्यार्क शेंकडा १२ धरला तर ७५० मिलिलिटरच्या बाटलींत तो ९० मिलिलिटर असतो. वर दिलेल्या प्रमाणानें वाइन, रस, पाक व सोडा मिळून १२६० मिलिलिटर पेय होतें. म्हणजे त्यांत मद्यार्क शेंकडा सुमारें ७ होतो. २०० मिलिलिटरच्या एका पेल्यांत तो सुमारें १४ मिलिलिटर येतो. साध्या वाइनचा १२५ मिलिलिटरचा पेला घेतला तर त्यांत १५ मिलिलिटर असतो. म्हणजे सांग्रियेचा एक मोठा पेला हा वाइनच्या एका पेल्याच्या बरोबरीचाच झाला. आतां त्यांत शेंकडा ४० मद्यार्काचें लिकर ६० मिलिलिटर घाला. मद्यार्क ११४ मिलिलिटर होतो, एकूण पेय १३२० मिलिलिटर होतें, आणि पेल्यामागें प्रमाण १७ मिलिलिटरांच्या वर जातें. जिभेला मात्र यांतलें कांहींच कळत नाहीं. साखर, फळें, थंडी आणि सोडा हीं चारी मिळून मद्याची धार झांकून टाकतात. तहानेच्या भरांत माणूस सरबतासारखा दुसरा पेला घेतो आणि तिसराहि घेतो. तेव्हां लिकर न घालणें हेंच शहाणपणाचें. शिवाय फळांच्या फोडी मद्य शोषून घेतात. पेला रिकामा झाल्यावर उरलेलीं फळें म्हणजे नुसतीं फळें नव्हेत, हेंहि विसरूं नये.

तांबड्या आणि पांढऱ्या सांग्रियेंत खरा भेद पडतो तो येथें. तांबडी आपली ओळख रंगानेंच सांगते. तिला कोणी सरबत समजत नाहीं. पांढरी तशी नव्हे. लिंबाची साल, द्राक्षें व पुदिन्याचीं पानें तरंगत असलेला तो फिकट पिवळा जग लिंबाच्या सरबताच्या जगाशेजारीं ठेवला तर मोठ्या माणसाचीहि फसगत होईल, मग मुलांची गोष्टच नको. जी व्यक्ति व्रतानें, धर्मानें, प्रकृतीमुळें किंवा केवळ आपल्या मनानें मद्य घेत नाहीं, तिच्या हातीं असा पेला नकळत जाणें हा यजमानाचा अपराध आहे. त्याला विनोद म्हणतां येणार नाहीं. गर्भवती स्त्रीच्या किंवा औषध चालूं असलेल्या वृद्धाच्या बाबतींत तर त्यांत अपायहि आहे. म्हणून दोन्ही जग निराळ्या आकाराचे असावेत, ते निराळ्या मेजांवर ठेवावेत, सांग्रियेच्या जगावर स्पष्ट अक्षरांत चिठ्ठी बांधावी, आणि वाढण्याचें काम घरांतील एकाच जाणत्या माणसाकडे असावें.

दुसरा जग हा केवळ नाइलाजाचा नसावा, हेंहि तितकेंच महत्त्वाचें. मद्य न घेणाऱ्याला नुसतें पाणी किंवा बाजारी गोड सोडा देऊन एका बाजूला बसवणें हें आतिथ्य नव्हे. स्पेनमध्यें ‘मोस्तो’ नांवानें न आंबविलेला द्राक्षांचा रस मद्यगृहांतूनहि मिळतो, आणि तो इतर पेयांइतक्याच इतमामानें पुढें ठेवला जातो. पांढऱ्या द्राक्षांचा असा रस घेऊन त्यांत लिंबाचा रस थोडा अधिक घालावा, पाक वगळावा, दालचिनी घालावयाची असेल तर ती थोड्या पाण्यांत उकळून तें पाणी निववून घालावें, तींच फळें त्याच निगुतीनें चिरून घालावीं आणि शेवटीं सोडा ओतावा. आंबटपणा नीट साधला तर हा जग आधीं संपतो.

महाराष्ट्राचा या विषयाशीं आज प्रत्यक्ष संबंध आहे. एके काळीं खाण्याच्या द्राक्षांसाठीं प्रसिद्ध असलेल्या नाशिक जिल्ह्यांत गेल्या शतकाच्या अखेरीस वाइनच्या द्राक्षांची लागवड वाढली. सुला या तेथील कारखान्याची पहिली वाइन २००० सालीं बाजारांत आली. शेनें ब्लां आणि सोव्हिन्यों ब्लां या दोन फ्रेंच जातींच्या द्राक्षांची पांढरी वाइन नाशिकांत होते, आणि त्यांपैकीं गोड नसलेली वाइन सांग्रियेला चालते. येथें करतांना दोन गोष्टी संभाळाव्या. आपल्या कागदी लिंबाची साल पातळ असते, तिचा पिवळा-हिरवा थर पांढऱ्या थरापासून वेगळा काढणें कठीण. म्हणून त्याचा रसच वापरावा. हापूस आंबा उन्हाळ्यांत हातीं असतो, पण त्याचा रस घातल्यास पेय गढूळ होतें आणि दुसऱ्या कोणत्याहि फळाचा वास उरत नाहीं; घट्ट फोडी थोड्या घालाव्या, तेवढ्या पुऱ्या. कायद्याचें भानहि ठेवावें. १९४९ सालचा दारूबंदीचा कायदा या राज्यांत अजून अंमलांत आहे व त्याअन्वयें मद्य बाळगण्यास आणि पिण्यास परवाना लागतो. तसेंच १०० मिलिलिटर रक्तांत ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क असतांना वाहन चालविणें हा देशभर गुन्हा आहे. ही मर्यादा किती थोडक्यांत ओलांडली जाते, तें वरच्या हिशेबावरून ध्यानांत यावें.

जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ सालच्या जानेवारींत स्पष्टच सांगितलें कीं, मद्याचें अगदीं निर्धोक असें कोणतेंहि प्रमाण नाहीं. हें ऐकूनहि ज्यांना क्वचित् प्रसंगीं एखादा पेला घ्यावयाचा आहे, त्यांनीं तो डोळे उघडे ठेवून घ्यावा, आणि ज्यांना घ्यावयाचा नाहीं त्यांना कोणी आग्रह करूं नये. स्पेनमध्यें सांग्रिया रिकाम्या पोटीं क्वचितच देतात. बरोबर ऑलिव्ह असतात, खारे बदाम असतात, चीजचे तुकडे, बटाट्याचें जाड ऑम्लेट असतें, आणि गप्पा चालूं असतात. पोटांत अन्न असलें म्हणजे मद्य रक्तांत सावकाश उतरतें. जगाशेजारीं साध्या थंड पाण्याची सुरई ठेवली तर तहान पाण्यानें भागते आणि सांग्रिया चवीपुरती राहते. उन्हाळ्यांत शरीराला पाणीच हवें असतें. मद्य तें काम करीत नाहीं, उलट शरीरांतील पाणी बाहेर टाकतें.

यजमानानें एवढी व्यवस्था केली म्हणजे त्याचें काम संपलें असें मात्र नाहीं. निघतांना कोण वाहन चालविणार आहे याची चौकशी करणें, ज्यानें पेला घेतला असेल त्याच्यासाठीं भाड्याची गाडी बोलाविणें किंवा त्याला रात्रीपुरतें ठेवून घेणें, हीं कामें फळें चिरण्याइतकींच मेजवानीच्या तयारींत मोडतात. तीं संध्याकाळीं, पहिला पेला भरण्यापूर्वींच ठरवून ठेवावीं. रात्रीं उशिरां दारांत उभें राहून त्यांवर वाद घालण्याची पाळी येऊं देऊं नये.